संगणकाला गोष्ट सांगायला शिकवताना: संवादी कथा बांधण्याच्या पायऱ्या

भाषा-मॉडेलला, म्हणजे सांगाल तो मजकूर लिहून देणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, 'एक गोष्ट सांग' म्हटलं की काही सेकंदांत गोष्ट हजर होते. वाक्यं घोटीव असतात, वातावरणही जमलेलं असतं. पण वाचक त्याच गोष्टीत शिरून निर्णय घ्यायला लागला की थोड्याच वेळात शिवण उसवते. मेलेला माणूस पुन्हा बोलू लागतो, ज्याने पत्र उघडलंच नाही तो त्यातला मजकूर सांगतो, आणि वाचकाने मन घट्ट करून घेतलेल्या निर्णयाचा पुढे मागमूसही राहत नाही. याचं खापर भाषेवर फोडून उपयोग नाही. वाक्यांच्या खाली जे जग उभं असायला हवं, ते तिथे नसतं.

कोणाला काय हवं आहे, कोणाला काय माहीत आहे आणि कोणाच्या आड काय येतं आहे, हे सतत बदलत राहतं आणि त्या बदलण्यातून कथा पुढे सरकते. म्हणून इथे आपण वाक्यांपासून सुरुवात करणार नाही. आधी जग, मग पात्रांची मनं, मग कृती, मग वाचकाची ढवळाढवळ आणि भाषा सर्वांत शेवटी. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असेल तर पायथन, जावास्क्रिप्ट, कशातही हे करता येईल. ती नसेल तरी पहिल्या तीन पायऱ्या कागदावर करता येतात, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तिथेच असतं.

सुरुवातीआधी: दोन घराणी

संगणकीय कथनाच्या संशोधनात दोन घराणी आहेत, आणि आपण कोणाकडून काय घेतो आहोत हे माहीत असलेलं बरं.

पहिलं घराणं पात्रांना मोकळं सोडतं. प्रत्येकाला इच्छा द्यायच्या, जगाचे नियम ठरवायचे आणि मग जे घडेल ती कथा. येल विद्यापीठात जेम्स मीहान यांनी १९७६ साली प्रबंधासाठी केलेली टेल-स्पिन ही प्रणाली या घराण्याची सुरुवात म्हणता येईल. दुसरं घराणं लेखकाच्या खुर्चीतून बघतं. कथानकाला कुठे पोचायचं ते आधी ठरवायचं आणि तिथवर नेणारे प्रसंग शोधायचे. मायकल लेबोविट्झ यांची १९८० च्या दशकातली युनिव्हर्स ही प्रणाली न संपणाऱ्या मालिकांसारखी कथानकं रचायची. तिची उद्दिष्टं पात्रांची नसायची, लेखकाची असायची. प्रेमी एकत्र आले की त्यांच्यात अडथळा आणायचा, हे त्यातलं एक ठळक उद्दिष्ट.

दोन्ही घराण्यांची दुखणी त्यांच्या स्वभावातच आहेत. पात्रं मोकळी सोडली की पुष्कळ काही घडतं, पण त्याची गोष्ट होतेच असं नाही. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भाषा-मॉडेलवर चालणारी २५ पात्रं एका छोट्या आभासी गावात सोडली. एका पात्राच्या मनात मेजवानी द्यायची कल्पना पेरली, आणि निमंत्रणं आपोआप तोंडोतोंडी पसरली. समाजाचं अनुकरण म्हणून हे काम फार सुंदर आहे. पण त्या गावात 'आता हे महत्त्वाचं आहे, इकडे बघा' असं सांगणारं कोणी नाही. उलट, कथानक आधी ठरवलं की पात्रं कळसूत्री बाहुल्या होतात.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांमध्ये दाखवलेली ३१ कार्ये अनेक नवे लोक पाककृतीसारखी वापरतात. नायक घर सोडतो, बंदी मोडली जाते, खलनायक फसवतो, असे तुकडे ओळीने जोडले की कथेचा आकार मिळतो. कारण मात्र मिळत नाही. प्रॉप यांनी तयार कथांचं वर्णन केलं होतं, कथा कशी करावी हे सांगितलं नव्हतं. म्हणून ही यादी शेवटी तपासणीला वापरावी, सुरुवातीला नको.

आपण दोन्ही घराण्यांचं थोडं थोडं घेऊ. पात्रांना स्वतःची मनं असतील, आणि वर एक हलका हात असेल.

पायरी १: जग मुठीत मावेल एवढं ठेवा

उदाहरण म्हणून एक दीपगृह घेऊ. वादळी रात्र. ठिकाणं तीन: धक्का, राहती खोली, वरची दिव्याची खोली. पात्रं तीन: रखवालदार, त्याची मुलगी आणि वादळात किनाऱ्याला लागलेला एक खलाशी. वस्तू तीन: रखवालदाराच्या पेटीतलं एक पत्र, दिव्याच्या खोलीची किल्ली, धक्क्याला बांधलेली होडी.

गुपित असं: मागच्या वर्षी अशाच एका रात्री दिवा विझला आणि एक जहाज खडकावर फुटलं. यंत्र बिघडलं असं सगळे मानतात. खरं म्हणजे रखवालदाराला झोप लागली होती. त्याने ते एका पत्रात लिहिलं, पण पत्र कधी पाठवलं नाही. खलाशाचा भाऊ त्या जहाजावर होता. वाचक मुलीच्या भूमिकेत असेल.

एवढंसं जग पुरेल का, असं वाटेल. हिशोब करून बघा. तीन पात्रांत 'कोणाला कोणाबद्दल काय वाटतं' अशी ६ नाती होतात. पात्रं सहा केली की तीच ३० होतात, आणि प्रत्येक नातं प्रत्येक प्रसंगानंतर बदलू शकतं. मायकल मटीस आणि अँड्र्यू स्टर्न यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली फसाड ही संवादी नाट्यकृती या क्षेत्रातला मैलाचा दगड मानली जाते. तिच्यात एक घर, एक जोडपं आणि एक पाहुणा आहे. प्रयोग साधारण वीस मिनिटांत संपतो आणि तो उभा करायला दोघांना काही वर्षं लागली. जग वाढवण्याचा मोह आवरा आणि आहे तेच खोल करा.

पायरी २: तीन वह्या

प्रोग्रॅममध्ये तीन वेगळे साठे करा. मी त्यांना वह्या म्हणतो.

पहिली वही जगाची. कोण कुठे आहे, पत्र कोणापाशी आहे, दिवा जळतो आहे की नाही. दुसरी वही समजुतीची, प्रत्येक पात्राची स्वतंत्र. खलाशाच्या वहीत 'दिवा यंत्र बिघडल्यामुळे विझला' असं लिहिलेलं असेल. ते खोटं आहे, पण त्याच्यापुरतं तेच सत्य. तिसरी वही इच्छांची. रखवालदाराला गुपित लपवायचं आहे, आज दिवा विझू द्यायचा नाही आणि मुलीला जपायचं आहे. या तीन इच्छा एकमेकींवर कधी आदळतील, तिथे तुमची कथा आहे. त्यामुळे त्यांना उतरता क्रम द्या: मुलगी पहिली, दिवा दुसरा, गुपित तिसरं. हा क्रम ठरवणं म्हणजेच पात्र लिहिणं.

दुसरी वही गाळायचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण एकच जग ठेवलं की कोड सोपं होतं. ती गाळली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण मीहान यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. टेल-स्पिनच्या एका गोष्टीत हेन्री नावाचा मुंगळा तहान लागली म्हणून नदीवर जातो. तिथे त्याचा जिवलग मित्र, बिल नावाचा पक्षी, काठावरच बसलेला असतो. हेन्री घसरून पाण्यात पडतो. पाण्यात असलेल्याला बोलता येत नाही असा नियम मीहान यांनी नुकताच घातला होता, त्यामुळे हेन्रीला हाक मारता येत नाही आणि तो बुडून मरतो. मित्र शेजारी बसून राहतो, कारण त्याला कोणी काही सांगितलंच नाही. डोळ्यांसमोर घडलेलं दिसतं, हा नियमच त्या जगात नव्हता. मीहान यांनी तो घातल्यावर कोणी एका जागेवरून दुसरीकडे गेलं की हजर असलेल्यांच्या ते लक्षात येऊ लागलं.

तेव्हा समज बदलण्याचे नियम स्पष्ट लिहा. एखादी कृती घडली की त्या ठिकाणी जे जागे आणि हजर आहेत त्यांच्या वहीत ती उतरते. बाकीच्यांच्या वहीत नाही. शेजारच्या खोलीत आवाज जातो का, हे ठरवा. मग आणखी एक थर घाला: 'त्याला हे माहीत आहे, हे मला माहीत आहे.' खलाशाने पत्र वाचलं हे रखवालदाराने पाहिलं असेल तर त्याचं पुढचं वागणं वेगळं होईल, आणि न पाहिलं असेल तर तो खोटं बोलत राहील. बहुतेक नाट्य या दुसऱ्या थरातच असतं. तिसऱ्या थरात शिरू नका. वाचकालाही तो डोक्यात ठेवणं जड जातं.

पायरी ३: कृती लिहा, हेतूसकट

कृती मांडायची एक जुनी आणि टिकाऊ पद्धत स्ट्रिप्स या १९७१ च्या नियोजन-प्रणालीतून आली. ती मूळची एका यंत्रमानवासाठी होती. प्रत्येक कृतीला आधीच्या अटी असतात आणि नंतरचे परिणाम असतात. कथेसाठी तिच्यात एक ओळ वाढवायची, हेतूची.

कृती: पत्र दाखवणे
कोण: दाखवणारा, बघणारा
अटी: पत्र दाखवणाऱ्यापाशी आहे, दोघं एकाच ठिकाणी आहेत
परिणाम: बघणाऱ्याला पत्रातलं कळतं, हजर असलेल्यांना 'याला कळलं' हे कळतं
हेतू: बघणाऱ्याला सत्य कळावं, असं दाखवणाऱ्याला वाटतं

आपल्या दीपगृहाला अशा दहा-बारा कृती पुरतात: जाणे, उचलणे, देणे, लपवणे, विचारणे, खोटं सांगणे, कबूल करणे, आरोप करणे, दिवा पेटवणे, होडी सोडणे. 'बोलणे' अशी एकच ढोबळ कृती करू नका. विचारणं, खोटं सांगणं आणि कबूल करणं यांचे परिणाम तीन वेगवेगळ्या वह्यांवर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी होतात.

हेतूची ओळ ज्या घटनेला लिहिता येत नाही ती कृती नव्हे, ती घडामोड. वारा सुटतो, लाट येते, काच फुटते. घडामोडींचा वेगळा गठ्ठा ठेवा. इथे मीहान यांचाच दुसरा किस्सा उपयोगी पडतो. त्यांनी 'पडणे' हे 'गुरुत्वाकर्षणाने अमक्याला हलवलं' असं मांडलं होतं. कोणी कोणाला हलवून कुठे नेलं की नेणाराही तिथे पोचतो, असा साधा नियम होता. शिवाय पाण्यातून सुटायला पाय, पंख किंवा मित्र लागतात, हाही नियम होता. मग हेन्री नदीत पडल्यावर प्रणालीने लिहिलं, 'गुरुत्वाकर्षण बुडालं.' बिचाऱ्याला ना पाय, ना पंख, ना मित्र. एकेक नियम सुटा वाचला तर शहाणपणाचा वाटतो. चूक एवढीच की घडामोडीला पात्राच्या रांगेत बसवलं.

पायरी ४: कथानक शोधू द्या, पण मन विचारून

आता लेखक म्हणून एक उद्दिष्ट ठरवा: पहाटेपर्यंत खलाशाला सत्य कळलेलं असावं आणि ते रखवालदाराच्या तोंडून कळावं. प्लॅनरला, म्हणजे अटी आणि परिणाम जुळवत वाट शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, हे दिलं की तो सर्वांत जवळची वाट काढेल. रखवालदार खाली येतो, खलाशासमोर उभा राहतो आणि कबूल करतो. दोन पावलांत काम झालं. तर्काने यात काहीच चूक नाही, पण गोष्ट म्हणून यात जीव नाही. वर्षभर लपवलेली गोष्ट हा माणूस अचानक का सांगेल?

मार्क रीडल आणि आर. मायकल यंग यांनी २०१० साली मांडलेल्या नियोजन-पद्धतीचा गाभा हाच प्रश्न आहे. त्यांची अट अशी: कथानकातली प्रत्येक कृती ती करणाऱ्या पात्राच्या स्वतःच्या एखाद्या उद्दिष्टाकडे जाणारी हवी, आणि ते उद्दिष्ट त्याच्या मनात कशामुळे आलं हेही कथानकात आधी दिसलं पाहिजे. अपवाद फक्त घडामोडींचा.

ही अट घातल्यावर तोच प्लॅनर काय करतो ते बघा. कबुलीची कृती पुढे ठेवली की हेतू विचारला जातो. 'सत्य सांगावं' ही इच्छा रखवालदाराच्या वहीत नाही. ती कशाने येईल? त्याच्या क्रमात गुपितापेक्षा वर काय आहे? मुलगी. मुलगी संकटात सापडली आणि सत्य सांगितल्याने ती वाचणार असेल तर ती इच्छा येईल. मग मुलगी संकटात कशी येईल? खलाशाने तिच्यावर आरोप केला तर. तो कशावरून आरोप करेल? त्या रात्री दिव्याची किल्ली मुलीकडे होती, अशी त्याची समजूत झाली तर. ती समजूत कुठून येईल? आज त्याने किल्ली तिच्या हातात पाहिली तर.

आता उलट दिशेने वाचा. मुलगी किल्ली घेऊन वर जाते, खलाशी ते पाहतो, धागे जोडतो आणि तिच्यावर आरोप करतो. बाप तिला वाचवण्यासाठी तोंड उघडतो. हे कोणी सुचवलेलं नाही. इच्छांचा उतरता क्रम आणि हेतूची ओळ यांतून ते निघालं. या साखळीतलं प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी चुकीच्या किंवा अपुऱ्या समजुतीवर उभं आहे, हेही लक्षात घ्या. दुसरी वही नसती तर यातलं काहीच सापडलं नसतं.

कोडच्या बाजूने एक सावधगिरी. प्रत्येक वळणावर १० कृती शक्य असतील आणि ८ पावलांची वाट शोधायची असेल तर शक्यता १० कोटी होतात. सरसकट शोधत बसू नका. उद्दिष्टापासून मागे मागे जा, वर केलं तसं, किंवा फक्त तीन पावलं पुढचं बघा. तीन पावलांच्या हजार शक्यता कोणताही संगणक चुटकीसरशी तपासतो.

पायरी ५: वाचक पत्र समुद्रात फेकतो

इथपर्यंतची कथा यंत्राची होती. आता मुलीच्या जागी वाचक आला. त्याने किल्लीला हात लावला नाही. पेटी उघडली, पत्र काढलं आणि धक्क्यावर जाऊन समुद्रात फेकलं.

यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रसंगी दोन उपाय सांगितले आहेत. पहिला म्हणजे सामावून घेणं: जे घडलं ते जगाच्या वहीत नोंदवायचं आणि नवी वाट शोधायची. दुसरा म्हणजे रोखणं: कृती होण्याआधीच काहीतरी आडवं येतं आणि ती फसते. धक्क्याकडचं दार वाऱ्याने घट्ट बसलं आहे, उघडत नाही.

शक्य तितकं सामावून घ्या. वाचकाने एखादी मोठी गोष्ट केली आणि जग हललं, हा अनुभव देण्यासाठीच संवादी कथा असते. रोखायचंच झालं तर अडथळा आधीपासून जगात असलेला हवा. वादळ आधीच सुरू आहे, म्हणून दार अडकणं पटतं. तेच दार दुसऱ्यांदा अडकलं तर वाचकाला दोरी दिसते, आणि एकदा दिसली की मग ती प्रत्येक ठिकाणी दिसते.

सामावून घेणं सोपं व्हावं म्हणून आधीच तयारी लागते. कथेला अत्यावश्यक असलेली माहिती एकाच वस्तूत ठेवू नका. दिवा कसा विझला, हे कळायच्या किमान तीन वाटा असू द्या. आपल्याकडे एक पत्रात आहे. दुसरी रखवालदाराच्या मनात आहे. तिसरीसाठी दिव्याच्या खोलीत एक नोंदवही वाढवू: त्या रात्रीच्या नोंदीत 'यंत्र दुरुस्त केलं' असं कुठेच लिहिलेलं नाही. आता पत्र बुडालं तरी कथा बुडत नाही. उलट ती जास्त धारदार होते, कारण मुलीने पुरावा नष्ट केला हे आता खलाशाला कळू शकतं. वाचकाच्या कृतीमुळे हरवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या बदल्यात एक नवी समजूत किंवा नवा संशय निर्माण झाला पाहिजे, हा नियम मी प्रत्येक कृतीला लावून बघतो.

पायरी ६: प्रसंगांचे तुकडे आणि वरचा हलका हात

प्रत्येक पाऊल प्लॅनरने काढायला हवं असं नाही. मोठ्या कामासाठी प्रसंग सुटे लिहून ठेवतात, आणि कोणता प्रसंग केव्हा पुढे येईल हे अटींवर सोडतात. फांद्यांच्या झाडापेक्षा हे किती परवडतं ते आकड्यांत दिसतं. दोन-दोन पर्यायांचे १० निर्णय झाडासारखे लिहिले तर १,०२४ शेवट आणि एकूण २,०४७ तुकडे लिहावे लागतात. सुट्या प्रसंगांत तीस-चाळीस तुकडे पुरतात, कारण एकच तुकडा अनेक वाटांवर येऊ शकतो. फसाडमध्ये असे २७ तुकडे होते, आणि एका प्रयोगात त्यातले साधारण निम्मेच यायचे.

एक तुकडा असा दिसतो:

प्रसंग: रिकामी पेटी
केव्हा: रखवालदार राहत्या खोलीत आहे, पत्र पेटीत नाही, हे त्याला अजून माहीत नाही
काय: तो पेटी उघडतो, आत हात फिरवतो, मुलीकडे न बघता पेटी बंद करतो
मग: 'पत्र गेलं' हे त्याला कळतं, मुलीबद्दल संशय येतो, ताण २ ने वाढतो

'केव्हा' या ओळीत जगाची वहीही आली आणि समजुतीचीही. पत्र कोणी घेतलं, कुठे टाकलं, याच्याशी या तुकड्याला देणंघेणं नाही. ते फेकलं असेल, लपवलं असेल, खलाशाला दिलं असेल, तरी हा प्रसंग चालतो. तुकडे लिहिताना अटी जितक्या कमी आणि नेमक्या, तितका तुकडा कामाचा.

एकाच वेळी तीन-चार तुकड्यांच्या अटी पूर्ण होतात. त्यातला कोणता निवडायचा, हे ड्रामा मॅनेजर नावाचा प्रोग्रॅमचा भाग ठरवतो. तोच आपला वरचा हलका हात. कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्स यांच्या ओझ प्रकल्पातून ही कल्पना रुजली. तिथल्याच पीटर वेरॉख यांनी १९९७ च्या प्रबंधात ती शोधाच्या भाषेत मांडली. पुढे काय काय घडू शकतं ते बघायचं, प्रत्येक संभाव्य अनुभवाला लेखकाच्या आवडीनुसार गुण द्यायचे आणि चांगल्या बाजूला कलायचं.

सुरुवातीला गुण देण्याची रीत साधी ठेवा. ताण हा ० ते १० मधला एक आकडा. कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात तो ४ च्या आत राहावा, मग चढावा, कबुलीच्या आसपास ९ पर्यंत जावा. हव्या असलेल्या ताणाच्या जवळ नेणाऱ्या तुकड्याला जास्त गुण. वाचकाच्या शेवटच्या कृतीशी जोडलेल्या तुकड्याला आणखी गुण. नुकत्याच आलेल्या पात्राच्या पुढच्या तुकड्याला थोडे कमी. या तिन्हींत दुसऱ्या नियमाला सर्वांत जास्त वजन द्या. ताणाचा आलेख थोडा वाकडा झाला तर चालेल, पण वाचकाने केलेल्या गोष्टीचा पडसाद पुढच्या दोन-तीन प्रसंगांत उमटलाच पाहिजे. राफाएल पेरेझ इ पेरेझ यांच्या मेक्सिका या प्रणालीत कथेतला ताण असाच पावलापावलाला मोजला जातो. शिवाय ती मधूनमधून थांबून आतापर्यंतची कथा तपासते. तुमच्याही यंत्राला दर पाच-सहा प्रसंगांनी असा थांबा द्या: कोणती इच्छा अजून अस्पर्श राहिली आहे? तिला हात घालणारा तुकडा पुढे आणा.

पायरी ७: आता भाषा

भाषा-मॉडेलला इथे दोनच कामं द्या. वाचकाने लिहिलेल्या मोकळ्या वाक्यावरून ठरलेल्या कृतींपैकी कोणती अभिप्रेत आहे ते ओळखणं, आणि घडलेल्या कृतीचं गद्य करणं. काय घडतं, हे ठरवायचा अधिकार त्याला देऊ नका. २०१९ च्या अखेरीस आलेला एआय डंजन हा खेळ याच्या उलट टोकाला होता. सगळं जग मॉडेलच्या ओघावर सोडलेलं. त्याने मोकळेपणाची चव दिली हे खरं, पण मागच्या गोष्टी निसटत जाणं ही त्याची मूळचीच मर्यादा होती. मॉडेलकडे वह्या नसतात, फक्त आधीचा मजकूर असतो. आधी आराखडा आणि मग गद्य, ही विभागणी संशोधकांनी २०१८-१९ पासूनच मशीन लर्निंगने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, रचलेल्या कथांमध्ये आणली, ती याच कारणाने.

सूचना देताना एक काटेकोर नियम पाळा: ज्या पात्राचं बोलणं लिहून घ्यायचं आहे, त्याचीच समजुतीची वही द्या. खलाशाचं वाक्य हवं असेल तर पत्राचा उल्लेखसुद्धा सूचनेत नको. 'खलाशाला पत्र माहीत नाही' असं लिहिलं तरी पत्र मॉडेलच्या समोर येतं आणि खलाशी सूचक बोलायला लागतो. निवेदनासाठी वेगळी सूचना द्या, आणि निवेदन मुलीच्या खांद्यावरून होत असेल तर तिच्या वहीतलं तेवढंच द्या.

आलेला मजकूर तसाच दाखवू नका. दुसऱ्या फेरीत मॉडेललाच विचारा: या परिच्छेदात कोण कुठे आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोणती नवी गोष्ट सांगितली गेली? उत्तरं वहीशी ताडून बघा. जुळलं नाही तर पुन्हा लिहून घ्या, आणि दोनदा फसलं तर तुम्ही हाताने लिहिलेलं साधं वाक्य दाखवा. साध्या वाक्याने वाचकाचं काही बिघडत नाही. खोटी ठरणारी किल्ली मात्र अख्खी रात्र बिघडवते.

वाचकाचं म्हणणं कोणत्याच कृतीत बसलं नाही तर सर्वांत जवळच्या कृतीत कोंबू नका. पात्राला न कळल्यासारखं वागू द्या, पण त्याच्या स्वभावाप्रमाणे. रखवालदार गप्प राहील, खलाशी 'काय म्हणालीस?' असं विचारेल.

पायरी ८: तपासणी

आधी भाषा बंद ठेवा आणि वाटेल ती कृती करणारा एक यांत्रिक वाचक बनवा. त्याला हजार वेळा खेळू द्या आणि नोंदी ठेवा. कोणता प्रसंग एकदाही आला नाही? त्याच्या अटी अशक्य आहेत. कोणता प्रसंग प्रत्येक वेळी आला? तिथे वाचकाचा निर्णय नावापुरता आहे. कुठे यंत्र अडकलं, म्हणजे एकाही तुकड्याच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत? तिथे अटी नसलेला एखादा शांत प्रसंग ठेवा: दिव्याची काच पुसणं, भिजलेले कपडे वाळत घालणं.

मग खरी माणसं बसवा. 'आवडलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, ओळखीचे लोक हो म्हणतात. रीडल आणि यंग यांनी आपली पद्धत तपासताना वाचकांच्या मनात पात्रांच्या हेतूंचं चित्र कितपत नीट उमटलं हे प्रश्नोत्तरांच्या आधारे पाहिलं होतं, आणि ही रीत घरीही वापरता येते. खेळ संपल्यावर 'का' ने सुरू होणारे पाच प्रश्न विचारा. रखवालदाराने कबुली का दिली? खलाशी धक्क्यावर का गेला? उत्तर दीपगृहाच्या आतून आलं, म्हणजे 'मुलीवर आळ आला म्हणून', तर साखळी पोचली. 'कथेचा शेवट जवळ आला होता म्हणून' असं आलं तर तो प्रसंग काढा आणि त्याच्या मागची पावलं तपासा.

अशा वेळी दोष बहुधा कबुलीच्या प्रसंगात सापडत नाही. तो त्याच्या तीन-चार पावलं मागे असतो. खलाशाने मुलीच्या हातात किल्ली पाहिली, हे यंत्राने वहीत लिहिलं, पण वाचकाला दाखवलं नाही. त्यासाठी नवा प्रसंग लिहायची गरज नसते. 'किल्ली उचलणे' या कृतीच्या निवेदनात, खलाशी तिथे हजर असेल तर त्याची नजर तिच्या हाताकडे वळली, एवढी एक ओळ घाला आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाचकाला विचारा.